एकादशीच्या ताटातले पाहुणे आणि घरची वरई

आषाढी एकादशीला शिवारात फिरणाऱ्या माणसाला उपाशी राहता येत नाही. सोयाबीनची उगवण पाहायला म्हणून सकाळी निघालो, तर दुपारपर्यंत तीन वस्त्यांवर तीन बशा खिचडी झाली होती. एकादशी आणि दुप्पट खाशी हे आपले लोक उगाच म्हणत नाहीत. तिसऱ्या बशीच्या वेळी ओट्यावर सात-आठ मंडळी जमली होती. सरपंच होते, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले पूर्वीचे ग्रामसेवक भाऊसाहेब) होते, दोन-तीन तरुण शेतकरी होते आणि भिंतीला टेकून एक वयस्कर बाबा बसले होते.

विषय निघाला रोगराईचा. बाबा म्हणाले, "साहेब, तुमचं सोयाबीन बाहेरचं, मका बाहेरचा. मग रोग येणार नाही तर काय? आमच्या वेळेला समदं गावरान होतं. आता ही खिचडी बघा. उपासाचं खाणं. हे आपलं मूळचं."

मी बशीकडे पाहिले. साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची, जिरे, तूप, मीठ. म्हणालो, "बाबा, राग नका मानू. या बशीत आपलं मूळचं म्हणावं असं फक्त तूप आहे. फार तर मीठ धरा."

बाबांना ते काही पटले नाही. सरपंच हसले. एक तरुण म्हणाला, "मग साबुदाणा येतो कुठून? झाडाला येतो का बोंडात येतो?" खरे सांगायचे तर कृषी पदविकेला जाईपर्यंत मलाही ते माहीत नव्हते. आमच्या घरी वर्षभर दर पंधरा दिवसांनी साबुदाणा भिजत पडायचा, पण तो कशापासून होतो हे कुणी विचारले नाही आणि कुणी सांगितले नाही. त्या दिवशी ओट्यावर जे बोलणे झाले ते थोडे सविस्तर लिहावे असे वाटले. कारण पीक मूळचे कुठले, हा प्रश्न परीक्षेतल्या गुणांपुरता नाही. संकट आले की औषध शोधायला कुठे जायचे, हे त्यावरून ठरते.

साबुदाण्याचे झाड नाही

प्रथम साबुदाण्याचेच घेऊ. मूळचा 'सागू' हा इंडोनेशिया, न्यू गिनीकडच्या ताडासारख्या एका झाडाच्या बुंध्यातला गर. मलाया भागातून तो बोटीने आपल्याकडे यायचा. दुसऱ्या महायुद्धात जपानने तो मुलूख घेतला आणि माल येणे बंद झाले. त्याच सुमारास, म्हणजे १९४३-४४ च्या आसपास, तामिळनाडूतल्या सेलम भागात टॅपिओकाच्या कंदापासून तसेच दाणे बनवायचे कारखाने सुरू झाले. आज आपण खातो तो साबुदाणा या कंदाचा. शेवग्याच्या शेंगेएवढा लांब आणि मनगटाएवढा जाड असा हा कंद जमिनीत वाढतो. तो सोलायचा, धुवायचा, वाटायचा, त्याचे दूध गाळून टाक्यांत निवळू द्यायचे. खाली बसलेला ओलसर स्टार्च हलवून हलवून त्याचे गोल दाणे करायचे, तापल्या तव्यावर भाजायचे आणि उन्हात वाळवायचे. सेलमच्या उत्पादकांनी १९८१ मध्ये आपली सहकारी संस्था उभी केली, तिचे नाव सेगोसर्व. आपण इकडे एकादश्या करतो आणि तिकडची टॅपिओकाची शेती चालते, असा हा व्यवहार आहे.

आणि हा टॅपिओका तरी तामिळनाडूचा का? तोही नाही. तो दक्षिण अमेरिकेचा, ब्राझीलकडचा. पोर्तुगिजांच्या गलबतांतून तो जगभर फिरला. केरळात त्याची लागवड वाढवण्याचे श्रेय त्रावणकोरचे महाराजा विशाखम तिरुनाल यांना देतात. त्यांची कारकीर्द १८८० ते १८८५. तांदूळ कमी पडायचा तेव्हा गरिबाचे पोट या कंदाने भरले. आपण मात्र त्याला देव्हाऱ्यापर्यंत नेले.

शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचाच. बोलिव्हियाचा दक्षिण भाग आणि अर्जेंटिनाचा वायव्य कोपरा हे त्याचे माहेर. तिथल्या दोन रानटी भुईमुगांचा हजारो वर्षांपूर्वी आपोआप संकर झाला आणि त्यातून आपला भुईमूग जन्मला. बटाटा पेरूच्या डोंगरांतला, टिटिकाका सरोवराच्या आसपासचा. रताळेही अमेरिकेतलेच. मिरचीचे घर मेक्सिको. मिरची येण्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. नवे पीक आले की आपल्या लोकांनी त्याला जुन्याच पिकाचे नाव दिलेले दिसते. मिरीसारखी तिखट म्हणून मिरची, मुगासारखा दाणा भुईत येतो म्हणून भुईमूग. 'बटाटा' हा तर सरळ पोर्तुगीज शब्द. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, त्यानंतरच्या शे-दोनशे वर्षांत हे सगळे पाहुणे आले आणि घरचेच होऊन बसले.

उपवासाला गहू, ज्वारी, तूर, हरभरा चालत नाही आणि हे चालते, याचे कारण मला सरळ वाटते. न खाण्याची यादी जुनी होती. हे पाहुणे नंतर आले, त्यामुळे त्यांची नावे त्या यादीत नव्हती. शास्त्रात काय आहे त्यात मी पडत नाही, तो माझा विषय नव्हे.

राजगिऱ्याची गोष्ट

या सगळ्या पाहुण्यांत राजगिऱ्याची कथा मला फार आवडते. मेक्सिकोत अझटेक लोकांचे राज्य होते. राजगिरा त्यांचे मोठे पीक. सणाला ते राजगिऱ्याचे पीठ मधात किंवा पाकात मळून त्याची देवाची मूर्ती करायचे आणि पूजा झाल्यावर तिचे तुकडे प्रसाद म्हणून खायचे. १५१९ मध्ये स्पॅनिश लोक तिथे उतरले. त्यांनी राज्य घेतले, त्या पूजेवर बंदी आणली आणि राजगिऱ्याची शेतीही मागे पडली. जो दाणा तिकडे देवाचा म्हणून मागे हटला तो इकडे येऊन देवाच्याच नावाने टिकला. अजूनही मेक्सिकोत फुललेल्या राजगिऱ्यात मध घालून वड्या करतात, त्यांना 'आलेग्रिया' म्हणतात. त्याचा अर्थ आनंद. आपला राजगिऱ्याचा लाडू आणि ती वडी शेजारी ठेवली तर दोघी सख्ख्या बहिणी वाटतील. मध्ये सातासमुद्रांचे अंतर, आणि दोघींनाही एकमेकींचा पत्ता नाही.

बाबांनी ही गोष्ट ऐकली आणि म्हणाले, "मग तर तो आपलाच म्हणायचा." याला मी काय उत्तर देणार?

बाबांच्या मुख्य मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, तेवढे मान्य केले पाहिजे. पीक परदेशातून येते तेव्हा सुरुवातीला त्याचे शत्रू मागे राहतात, म्हणून ते जोमात येते. पुढे कधीतरी शत्रू माग काढत येतोच. मक्यावरची लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात सापडली आणि पुढच्या हंगामात येवला-मालेगावकडच्या मकेवाल्यांची झोप उडाली. ही अळी मक्याच्याच मुलखातली, अमेरिकेची. टोमॅटोची नागअळी म्हणजे टुटा, तीही दक्षिण अमेरिकेची, ती २०१४ मध्ये आपल्याकडे नोंदली गेली.

पण शत्रू जिथून येतो तिथेच त्याचा शत्रूही असतो, आणि पिकाचे काटक भाऊबंदही तिथेच असतात. हे तीन पिकांच्या बाबतीत कसे घडले ते पाहण्यासारखे आहे.

माहेरी जाऊन आणलेले औषध

टॅपिओका आफ्रिकेतही कोट्यवधी लोकांचे रोजचे अन्न आहे. १९७० नंतर काँगोकडे त्यावर पिठ्या ढेकूण आला आणि बघता बघता अर्धा खंड पांढरा करून टाकला. फवारणी करायला तिथल्या शेतकऱ्याकडे ना पैसा ना पंप. तेव्हा हान्स हेरेन नावाच्या स्विस कीटकशास्त्रज्ञाच्या प्रयत्नांतून टॅपिओकाच्या माहेरी, दक्षिण अमेरिकेत शोध सुरू झाला. १९८१ मध्ये पॅराग्वेत हाच पिठ्या ढेकूण सापडला, आणि त्याच्या अंगात अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलमाशीही सापडली. मुंगीपेक्षा लहान. ती आफ्रिकेत वाढवून सोडली आणि ढेकूण आटोक्यात आला. हेरेन यांना १९९५ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

हाच ढेकूण २०२० मध्ये केरळात त्रिशूरजवळ आढळला आणि तिथून सेलम, नामक्कलकडे पसरला. म्हणजे आपल्या खिचडीच्या मुळावरच आला. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने आफ्रिकेतल्या बेनिनमधून ती माशी मागवली, प्रयोगशाळेत वाढवली, आणि २०२२ पासून ती तामिळनाडूच्या शेतांत सोडली जात आहे. पॅराग्वे ते आफ्रिका आणि आफ्रिका ते सेलम असा हा प्रवास.

भुईमुगाचे तसेच. टिक्का आणि तांबेरा माहीत नाही असा भुईमूग उत्पादक दाखवा. आपल्या वाणांत या रोगांना दाद न देणारे रक्त फार कमी होते. १९५९ मध्ये बोलिव्हियात एका रानटी भुईमुगाचे बी गोळा केले गेले. शेंग अगदी किरकोळ, बाजारात कुणी विचारणार नाही. पण पान निरोगी. त्याचा संकर करून जे वाण पुढे तयार झाले, त्यांत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेचा मोठा वाटा आहे. धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा जीपीबीडी-४ हा वाण याच रक्ताचा. २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दिसले की त्या एका रानटी झाडाचा अंश आज तीसएक देशांतल्या भुईमुगात आहे. एका झुडपाचे पसाभर बी कुणीतरी वेळेवर उचलले, एवढीच ती गोष्ट.

बटाट्याची गोष्ट उलट्या बाजूने सांगावी लागते. आयर्लंडमध्ये गरीब शेतकरी जवळजवळ एकाच वाणाचा बटाटा लावत होते. १८४५ मध्ये करपा आला. हाच तो उशिराचा करपा, जो पावसाळी हवेत आपल्या टोमॅटोलाही दोन दिवसांत जाळतो. सगळीकडे एकच वाण, त्यामुळे सगळीकडे एकदमच शेत बसले. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि रोगाने मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. पुढे करप्याला तोंड देणारे रक्त शेवटी मेक्सिकोच्या डोंगरांतल्या रानटी बटाट्यात मिळाले.

पेरूमधल्या शेतकऱ्यांनी मात्र एक शहाणपणाचे काम केले आहे. कुस्को शहराजवळ पिसाक भागात सहा गावांनी मिळून आपल्या जमिनीचे 'बटाटा उद्यान' केले. तिथे बटाट्याचे हजारावर वाण शेतातच जपले जातात. लिमा शहरातल्या आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्राकडे या मुलखातून पूर्वी गोळा केलेले वाण होते. २००४ मध्ये गावांनी त्या केंद्राशी करार केला आणि शेतातून गेलेले वाण परत आणून लावले. बी बाहेर ठेवलेले होते म्हणून परत मिळाले, हे लक्षात घ्या.

मग आपल्याकडे कोण येणार?

ओट्यावर बोलणे इथपर्यंत आले तेव्हा आतून भगर आणि दाण्याची आमटी आली. बाबा म्हणाले, "ही तरी आपली का, का हिचंही माहेर अमेरिका?"

तर भगर आपली. पूर्ण आपली. वरई, वरी, कुटकी ही सगळी हिचीच नावे. (सावा हे वेगळे तृणधान्य. त्याचा तांदूळही बाजारात भगर म्हणूनच विकला जातो. तोही भारतातलाच आहे.) ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही सुद्धा मूळची आफ्रिकेतली, हे ऐकून अनेकांना धक्का बसतो. ती हजारो वर्षांपूर्वी आली एवढेच. तूर आपली, आणि वरई आपली. वरईचे रानटी भाऊबंद आपल्याच देशात माळामुरमावर गवत म्हणून उगवतात.

याचा अर्थ काय होतो तो नीट पाहा. भुईमुगाला अडचण आली तर बोलिव्हिया आहे. टॅपिओकाला पॅराग्वे आहे. बटाट्याला पेरू आहे. उद्या वरईवर एखादा रोग आला, किंवा पाऊस उशिरा येऊन लवकर जाऊ लागला आणि कमी दिवसांचे वाण हवे झाले, तर शास्त्रज्ञ कुठे जाणार? ते आपल्याकडे येणार. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरी, तिकडे अकोले, जव्हार, मोखाडा या डोंगरांत येणार. आणि आपल्याकडेही ती नसेल तर मग कुठेच नाही.

आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत पूर्वी एक फेरा ठरलेला असायचा. पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, मग जमीन पड. राब भाजून रोप टाकायचे आणि पावसात आवणी करायची. खत नाही, फवारणी नाही. उत्पन्न कमी, हेही खरे. आता ज्यांना पाण्याची सोय झाली ते भाजीपाल्याकडे, स्ट्रॉबेरीकडे वळले, बाकीचे मजुरीला द्राक्षाच्या पट्ट्यात उतरतात. त्यांना दोष देण्याचा मला काय अधिकार? वरईने पोरांची फी भरत नाही.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, आणि तिच्यात चूक माझी आहे.

नोकरीच्या सुरुवातीला माझी नेमणूक सुरगाणा भागात होती. एका पाड्यावर भाताच्या प्रात्यक्षिकासाठी गेलो होतो. पाऊस थांबेना म्हणून एका आजीच्या घरात आसरा घेतला. बोलता बोलता आजीने शेणाने लिंपलेल्या तीन लहान कणग्या दाखवल्या. तिन्हींत वरई. मला तिन्ही सारख्याच दिसल्या. आजी म्हणाली, "सारख्या कशा? ही गरवी, चांगल्या जाग्याला. ही निमगरवी. आन् ही हळवी, खडकाळ उताराला. नवरात्राच्या आधी कापायला येते. भादव्यात घरात दाणा नसतो बाबा, तवा हिचाच आधार."

मी डायरीत लिहून घेतले. 'वरई, तीन प्रकार, हळवी नवरात्रापूर्वी.' खाली तारीख टाकली. बी घेतले नाही. पसाभर मागितले असते तर आजीने दोन पसे दिले असते. पण मी भाताच्या कामासाठी गेलो होतो, वरईचा माझ्याकडे कसला कार्यक्रम नव्हता, आणि आपल्या कामात कार्यक्रम नसेल तर पिशवीही नसते.

तीन वर्षांनी बदलीच्या आधी पुन्हा त्या पाड्यावर गेलो. आजी गेल्या होत्या. सुनेने सांगितले, मधल्या एका वर्षी रोप टाकले आणि पावसाने धुऊन नेले. कणगीत राहिलेले बी पुन्हा टाकले, मग पावसाने ताण दिला. हळवीचा दाणा संपला. "शेजारी मागितलं, कुणाकडंच नव्हतं." आजूबाजूच्या चार पाड्यांवर मीही विचारून पाहिले. गरवी होती, निमगरवी होती. हळवी कुणी दाखवू शकले नाही. ती डायरी अजून माझ्याकडे आहे.

टरफलाचा प्रश्न

वरई मागे पडायला आणखी एक कारण आहे, ते स्वयंपाकघरातले आहे. वरईचे टरफल चिवट. ते काढायला उखळात कांडायचे, पाखडायचे, पुन्हा कांडायचे. हे काम बाईचे. साबुदाणा पुडी फोडून भिजत घातला की झाले. सुनेने साबुदाणा निवडला यात नवल काय? पुरुष मंडळी गावरानचे गोडवे गातात तेव्हा मला नेहमी विचारावेसे वाटते, कांडायला कोण बसणार?

गंमत म्हणजे भगरीच्या गिरण्या आपल्याच नाशिकात आहेत. मध्य प्रदेश, छत्तीसगडच्या आदिवासी भागातली कुटकी पोती भरभरून इथे येते, सडली जाते आणि भगर होऊन राज्यभर जाते. आमच्या पाड्यावरचा माणूस वरई आहे त्या भावात व्यापाऱ्याला घालतो आणि एकादशीला तीच भगर कितीतरी चढ्या भावाने किराणा दुकानातून आणतो. आता लहान यंत्रे मिळतात. त्यात दाणा वेगाने फिरणाऱ्या चकतीवरून रबराच्या भिंतीवर आपटतो आणि टरफल सुटते. बचत गटाला झेपेल असे हे यंत्र आहे. घेताना मात्र आपलीच दहा किलो वरई घेऊन जा आणि डोळ्यांसमोर सडून बघा. कण्या किती पडतात आणि न सुटलेला दाणा किती राहतो, ते पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. भाताची गिरणी वरईला चालेल असे सांगणारे विक्रेते भेटतात, त्यांच्या नादी लागू नका.

साठवणीचेही इथेच सांगतो, कारण हा जिवाशी खेळ आहे. टरफलासकट वाळवलेली वरई वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तर ती दुष्काळाचे धान्य होती. टरफल काढलेली भगर तशी टिकत नाही, आणि तिचे पीठ तर मुळीच नाही. ओलाव्यात बुरशी धरते, तिची विषारी द्रव्ये तयार होतात आणि ती शिजवल्याने जात नाहीत. शिवरात्र, नवरात्र, एकादशी आली की भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात एका धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटी खाल्ल्यानंतर शेकडो भाविकांना दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हा भगर लागेल तेवढीच सडून आणा, महिन्याभरात संपवा. सुटे पीठ विकत घेऊ नका. घरी दळा. वास आला, गुठळी दिसली, रंग बदलला तर ती जनावरांनाही घालू नका. आणि शिळी भगर खाऊ नका. सप्ताहाच्या पंगतीचा कारभार पाहणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

नोंदवहीतला एक रकाना

आता भाऊसाहेबांसाठी. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती आहेही. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली तेव्हा त्या घाईघाईने भरल्या गेल्या. मी काही वह्या पाहिल्या आहेत. पिके: भात, नाचणी, वरई. संपले. एका गावची वही दुसऱ्या गावी चालेल अशी. भाऊसाहेबांवर कामांचा बोजा किती असतो ते मला माहीत आहे, त्यामुळे हे टीका म्हणून लिहीत नाही. पण त्या एका शब्दाखाली आणखी चार ओळी येऊ शकतात. वरईचे किती प्रकार, कुणाच्या घरी, कसल्या जमिनीत, किती दिवसांत. अंगणवाडीताई, आशाताई आणि दोन जुन्या बायका सोबत घेतल्या तर एका दिवसाचे काम आहे. हे पुरुषांना विचारू नका, बियाणे बायका ठेवतात.

आणि नोंद केली की बीही ठेवा. पीक उभे असताना निरोगी, भरलेल्या लोंब्या निवडायच्या, सावलीत वाळवायच्या, बी राखेत घोळून मडक्यात किंवा कणगीत ठेवायचे. एका घरात ठेवू नका, दोन-तीन घरांत वाटून ठेवा. दोन वर्षांनी एकदा तरी गुंठाभर पेरून ताजे करा. याशिवाय पसाभर बी कृषी विज्ञान केंद्रामार्फत दिल्लीच्या राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे पाठवता येते, तिथे ते थंड कोठीत राहते. २००१ च्या कायद्याखाली शेतकऱ्याला स्वतःचा पारंपरिक वाण आपल्या किंवा गावाच्या नावावर नोंदवताही येतो. राहुरी विद्यापीठाच्या कोल्हापूरच्या संशोधन केंद्राने वरईचा 'फुले एकादशी' हा सुधारित वाण दिला आहे, नावही साजेसे आहे. ज्यांना उत्पन्नासाठी वरई करायची त्यांनी तो जरूर लावावा. पण तो लावताना कोपऱ्यात चार ओळी घरच्या बियाण्याच्या राहू द्या. सुधारित वाण तयार करायलाही शेवटी घरचेच बी लागते.

त्या दिवशी ओट्यावरून उठताना बाबांनी विचारले, "मग ती हळवी वरई गेली ती गेलीच का?"

मला तसे म्हणवत नाही. डोंगर मोठा आहे, पाडे पुष्कळ आहेत, आणि एखाद्या कणगीत ती अजून असेल. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी, मामाच्या गावी किंवा व्याह्यांकडे नवरात्राच्या आधी कापणीला येणारी वरई असेल, तर तिचे पसाभर बी जवळच्या कृषी कार्यालयात आणून द्यावे. सोबत कुणाचे बी, कुठल्या पाड्यावरचे आणि कसल्या जमिनीतले, एवढे चिठ्ठीवर लिहावे. पेरणीच्या आधी मिळाले तर याच खरिपात रोप टाकता येईल. यावेळी पिशवी माझ्याजवळ आहे.